लाल हेल्मेट आणि तीन अक्षरं

माझ्याकडं बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात इंग्रजीची सगळी अक्षरं आहेत, शिशाची, नखाएवढी. कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी बावीस वर्षं पॅटर्न शॉपला आहे. पॅटर्न म्हणजे नमुना, शॉप म्हणजे कारखान्यातला विभाग. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागं राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. तयार झालेल्या भागावर गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर उठून दिसतो, तो आधी मी नमुन्यावर एकेक अक्षर चिकटवून बसवलेला असतो. ई सारखी संपते. क्यू वर्षानुवर्षं नवीकोरी पडून असते. कामाची घाई असली की माझे डोळे नमुन्यावर असतात आणि हात डब्यात. हाताला लागलेला के आहे की एक्स, हे बोटांना आपोआप कळतं.

म्हणजे बावीस वर्षं मी रोज इंग्रजी हाताळतो. वाचायला सांगू नका. गडहिंग्लजजवळच्या गावात मराठी शाळेतून दहावी झालो, मग आयटीआय केलं आणि कोल्हापुरात येऊन राहिलो. माझं इंग्रजी सुट्टं आहे. अक्षरं घरची, शब्द परके. त्यातही वाळूतली अक्षरं उलटी दिसतात, त्यामुळं मला इंग्रजी आरशातल्यासारखं बघायची सवय. याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटायला लावणारा माणूस यायला बाविसावं वर्ष उजाडावं लागलं.

तो पुण्याहून आला. क्वालिटीचा मोठा साहेब, वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. भट्टीजवळ उभा राहिला तरी अत्तराचा वास सुटायचा. परदेशी गिऱ्हाइकं येतात, कामगारांना चार शब्द इंग्रजी यायला पाहिजे, असं त्यानं मालकांना पटवलं आणि सकाळच्या दहा मिनिटांच्या मिटिंगमध्ये एक खेळ सुरू केला. पांढऱ्या फळ्यावर तीन अक्षरं लिहायची. ती तिन्ही ज्यात येतात असा एक इंग्रजी शब्द प्रत्येकानं सांगायचा. अक्षरं कुठल्याही क्रमानं आली तरी चालतील, पण तिन्ही पाहिजेत. एकानं सांगितलेला शब्द दुसऱ्यानं सांगायचा नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पण ज्याला शब्द येणार नाही त्यानं दिवसभर लाल हेल्मेट घालायचं, ही त्याची पुढची अक्कल. आमची हेल्मेटं पिवळी, साहेब लोकांची पांढरी. लाल एकच. ते घातलेला माणूस शॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो. जेवायला बसला तरी दिसतो, लघवीला गेला तरी दिसतो. भट्टीवरची पोरं हाक मारायची, "काय, आज नवरदेव तुम्हीच काय?" आणि मी हसायचो. हसलो नाही तर लागलंय हे कळतं, म्हणून हसायचो.

आयटीआयची नवी पोरं मोबाइलवर वाढलेली, पटापट शब्द फेकायची. माझी पाळी शेवटी यायची, तोवर सोपे शब्द संपलेले असायचे. त्या वर्षी मी अकरा वेळा लाल झालो. मोजलेत. कुणी म्हणेल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? त्यानं एक दिवस ते डोक्यावर घालून माझ्यासमोर उभं राहावं.

अकरावी वेळ होती खंडेनवमीची. आमच्याकडं त्या दिवशी यंत्रं बंद असतात. हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडतात, भट्टीला झेंडूची माळ घालतात, मोल्डिंगच्या मशीनला हळदकुंकू लागतं. माझा अक्षरांचा डबाही पूजेला असतो. दुपारी कामगारांच्या घरची माणसं येतात, प्रसाद आणि जेवण होतं. सणाचा दिवस आहे, आज तरी खेळ चुकेल असं आम्हाला वाटलं होतं. त्यानं चुकवला नाही. फळ्यावर अक्षरं होती एफ, सी आणि वाय. मी घामाघूम झालो आणि शब्द काही आला नाही.

दुपारी बायको आली. नवी साडी, केसात शेवंतीची वेणी. मला बघून थबकली.

"ही तांबडी टोपी कशापायी? बाकीच्यास्नी तर पिवळी हाय."

खरं सांगायला एक श्वास पुरला असता. मी म्हणालो, "सगळ्यात जुन्या माणसाला लाल देत्यात."

का बोललो, ते आजही सांगता येत नाही. तोंडातून निघून गेलं. आणि तिचा चेहरा असा काही फुलला की मागं घेणं मला शक्यच झालं नाही. तिनं मला भट्टीसमोर, झेंडूच्या माळेखाली उभं करून फोटो काढला. तो तिथल्या तिथं आजऱ्याला, माहेरी भावाला पाठवला. मग शेजारी उभ्या असलेल्या बायकांना सांगितलं. मी प्रसादाचे द्रोण वाटायच्या निमित्तानं तिथून सटकलो.

जेवायला बसलो होतो तेव्हा साहेब पंगतीतून फिरत आला. काय हवं नको विचारत होता. बायको म्हणाली, आमच्या माणसाचा मान केलासा, लई बरं वाटलं. त्याला आधी कळेना. मग ती हेल्मेटकडं बोट करून बोलली आणि तो मोठ्यानं हसला.

"वहिनी, अहो, ती शिक्षा आहे." मग त्यानं सगळा खेळ समजावून सांगितला, पंगतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. वर म्हणाला, "आता तुम्ही सांगा बघू. एफ, सी, वाय. सोपं आहे. आत्ताच त्याच्याखालून आत आलात."

कुणीतरी पोरगं पलीकडून ओरडलं, फॅक्टरी. गेटवर तो शब्द हातभर अक्षरांत लिहिलाय. बावीस वर्षं मी त्याच्याखालून आत जातोय. साहेबानं टाळी वाजवली आणि पुढच्या पानाकडं गेला. बायकोनं पुढं आलेला भात तसाच ठेवला. पत्रावळ दुमडली, हात धुतला, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावरही बोलली नाही. त्या विषयावर एक वर्ष बोलली नाही. भांडली असती तर मी निभावून नेलं असतं. दिवाळीला तिच्या माहेरी गेलो, तर माझा तो फोटो मेहुण्यानं मोठा करून, फ्रेम करून सोप्यात, बाहेरच्या बैठकीतच लावलेला. आल्यागेल्याला तो दाखवत होता, पावणं बघा, आमचं दाजी कंपनीत सगळ्यात वरचं. बायको खाली मान घालून पोहे वाढत होती. मी फोटोकडं पाठ करून बसलो. माझ्या पाठीला तो फोटो दिवसभर जाणवत होता. त्यानंतर ती माहेरी गेली नाही, उन्हाळ्यातही नाही. मेहुणा फणस एसटीनं पाठवून द्यायचा.

दिवाळीला त्या सोप्यात बसूनच मी ठरवलं. ते लाल हेल्मेट त्या माणसाच्या डोक्यावर चढवायचं. तेही खंडेनवमीलाच, तेही तिच्यादेखत, तेही त्याच्या घरची माणसं बघत असताना. यातलं एकही कमी चालणार नव्हतं.

कामाला लागलो. शंभर पानी वही घेतली. कंपनीच्या बसमध्ये सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर जातो, तेवढ्यात बाहेरचं दिसेल ते इंग्रजी वहीत उतरवायचं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागं लिहिलेलं, खताची पोती, औषधाच्या बाटल्या. रद्दीतून एक डिक्शनरी आणली. तिची पहिली चाळीस पानं नव्हती, त्यामुळं ए आणि बी माझे आजही कच्चे आहेत. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बेंचवर अक्षरं मांडायचो. कुठल्या अक्षराशेजारी कुठलं बसतं, कुठली दोन एकत्र आली की भल्याभल्याचं डोकं चालत नाही, हे हळूहळू उमगत गेलं. पोरं तोंडानं आवाज लावून शब्द शोधायची. मी तुकडे जुळवून शोधायचो. दिवाळीनंतर मी चार वेळा लाल झालो, होळीनंतर एकदाही नाही. साहेब एकदा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, बघा, खेळाचा फायदा झाला की नाही? मी हो म्हणालो. त्या रात्री जेवताना दोन भाकरी जास्त गेल्या.

अक्षरं मला मिळाली घरातच. आमच्या गल्लीतल्या बायकांचा बचत गट आहे. मे महिन्यात त्या फणसाचे गरे तळून पाकिटं भरतात आणि बायको त्यावर लेबलं चिकटवते. दिवसाला दोनशे-तीनशे. फोनवर कुणी विचारलं तर ती सहज सांगते, "जॅकफ्रूट चिप्स हायत की, किती देऊ?" मी चहा पीत त्या लेबलाकडं बघत होतो. जे, के, एफ. डिक्शनरी उलटी पालटी केली. जे आणि के एकत्र असलेलेच शब्द थोडे, त्यात एफ म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. आणि त्यातला एक माझी बायको दिवसातून पन्नासदा बोलते. मी चहा संपवला. इतका आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नसेल. तिला मात्र काही सांगितलं नाही.

पितृपक्ष संपता संपता मिटिंगमध्ये हात वर केला. म्हणालो, साहेब, खंडेनवमीला हत्यारांचा मान असतो, त्या दिवशी अक्षरं आमच्या डब्यातून काढूया आणि शब्द तुम्ही सांगायचा, नाही आला तर लाल तुम्ही घालायचं. सगळे हसले. मालक तिथंच उभे होते, त्यांनाही गंमत वाटली. साहेबाला नाही म्हणता येईना. त्यानं फक्त एक अट घातली, अक्षरं न बघता काढायची, म्हणजे कुणी आधी ठरवून ठेवायला नको. मी म्हणालो, चालेल की. डोळे बांधा पाहिजे तर.

खंडेनवमीला साहेबाची बायको आली होती आणि सहासात वर्षांची मुलगी. देव माझ्या बाजूनं आहे असं मला वाटलं. माझ्या बायकोला यायचं नव्हतं. पाय दुखतात म्हणाली, घरी पाहुणे येतील म्हणाली. मी इतकी गळ घातली की शेवटी आली, पण जुन्या साडीत, आणि मागं खांबाला टेकून उभी राहिली.

आरती झाली. मालकांनी माझा डबा पूजेतून उचलून माझ्या हातात दिला. झाकणावर हळदकुंकू, आत दोन झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या. एका पोरानं खरंच माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला. मी हात घातला. जे खालच्या कोपऱ्यात असतो, क्वचितच लागतो म्हणून. त्याचा खाली वळलेला आकडा बोटाला लगेच सापडला. के काटेरी. एफला वेळ लागला, कारण ई आणि एफ यांच्यात एका काडीचाच फरक. ती खालची काडी नाही हे मी अंगठ्यानं दोनदा चाचपून बघितलं. तिन्ही अक्षरं मालकांच्या तळहातावर ठेवली आणि रुमाल सोडला.

साहेबानं आधी हसून बघितलं. फळ्यावर अक्षरं लिहिली गेली. मोबाइलवर दोन मिनिटं लावली होती. तो ओठ हलवत होता, बोटानं हवेत लिहीत होता. एक शब्द बोलला, त्यात एफ नव्हता. दुसरा बोलला, त्यात जे नव्हता. कपाळावर घाम आला. मला तो घाम अजून डोळ्यांसमोर आणता येतो आणि मी आणतो. मोबाइल वाजला.

पोरं ओरडली, असा शब्दच नाही, डाव रद्द. मी मागं वळलो. खांबाजवळ उभ्या बायकोला म्हणालो, "तू सांग. मे महिन्यात चिकटवत बसतीस ते."

सगळ्या माना वळल्या. तिनं फळ्याकडं बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडं. खालच्या आवाजात म्हणाली, "जॅकफ्रूट."

टाळ्यांनी पत्रे दणाणले. मालकांनी स्वतः खुंटीवरचं लाल हेल्मेट काढलं. साहेबानं पांढरं उतरवलं आणि लाल घातलं. बरोबर मालकांच्या शेजारी, भट्टीसमोर, माळेखाली. मी मोबाइल काढून फोटो घेतला. एक वर्ष दात-ओठ खाऊन काढलं होतं, ते सगळं आता तोंडात गोड लागत होतं.

तेवढ्यात त्याची मुलगी आईचा हात सोडून पुढं आली. "पप्पा, तुम्हाला लाल का दिलं?"

मी कान टवकारले. आता बोल, म्हटलं. आता बघू काय थाप मारतोस.

तो खाली बसला, तिच्या उंचीला आला. म्हणाला, "मी हरलो म्हणून. मला शब्द आला नाही, त्या काकूंना आला."

मुलगी म्हणाली, बरं. आणि हेल्मेटवर टकटक करून परत आईकडं गेली. एवढंच. कुणी हसलं नाही, कुणाची मान खाली गेली नाही. त्याची बायको माझ्या बायकोपाशी येऊन चिप्स कुठं मिळतात ते विचारू लागली. माझ्या हातात मोबाइल तसाच राहिला. त्यात फोटो होता आणि तो कुणाला पाठवावा हे मला सुचेना.

परतताना बसथांब्यापर्यंत चालत आलो. मीच बोललो. म्हणालो, घेतला की नाही सूड? उतरवली की नाही त्याची मस्ती? तुझ्यासाठी केलं सगळं.

"माझ्यासाठी?" ती चालता चालता थांबली. "शिक्षा हाय असं त्यानं सांगितलं, ते खरं हुतं. खोटं तुम्ही बोललासा. मला. अन् मी ते भावाला धाडलं."

मी म्हणालो, अगं, त्यानं सगळ्यांसमोर तुला—

"आज त्यानं लेकीला काय सांगितलं, ऐकलासा न्हवं? एवढंच म्हणायचं हुतं तुम्ही."

ती पुढं म्हणाली, तीन अक्षरं आणि तिन्ही माझ्याच पाकिटावरची, एवढं मला कळत न्हाय व्हय. मी म्हणालो, न बघता काढली होती, डोळे बांधले होते. ते खरंच होतं. तिनं माझ्या बोटांकडं बघितलं आणि बसची वाट बघत दुसरीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. तिसऱ्या दिवशी साहेब लाल हेल्मेट घालूनच कामावर आला. सणाचा दिवस धरायचा नाही म्हणाला, कामाचा एक दिवस पूर्ण भरतो. दिवसभर ते घालून सगळ्या शॉपमध्ये हिंडला. पोरांनी नवरदेव म्हणून हाक मारली, तर तोही हसला. माझ्यासारखा नाही, खरं हसला. त्या हसण्याचा मला जेवढा राग आला तेवढा त्या पंगतीतल्या टाळीचाही आला नव्हता. मला त्याला हरवायचं होतं, आणि हरायचं कसं हे त्यानं मलाच दाखवून दिलं. हे मी त्याला कधीही माफ करणार नाही. वही अजून बसमध्ये बरोबर असते, पण आता तिच्यात काही लिहीत नाही.

काल संध्याकाळी मी जेवायला बसलो तेव्हा बायकोनं सांगितलं, या दिवाळीला आजऱ्याला जायचं. मला बरं वाटलं, वर्षानं तिला माहेर आठवलं म्हणून. मग ती म्हणाली, "सोप्यात बसून, सगळी असताना, फोटू काढून हातात घ्यायचा आणि भावाला तुम्ही सांगायचं. मी न्हाय सांगणार."

मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, बघायचं काय त्यात. दिवाळीला अजून बारा दिवस आहेत. आम्ही येतोय असा फोन तिनं भावाला केलाय.